हक्कलेखांच्या निक्षेपाने होणारे गहाण

कर्ज काढून घर घेणाऱ्याचा एक नेहमीचा प्रश्न असा : घर आपल्या नावावर, वहिवाट आपली, मग मूळ खरेदीखत बँकेच्या तिजोरीत का? याचे मूळ इंग्लंडातील न्यायदानाच्या इतिहासात आहे. केवळ हक्कलेख धनकोच्या स्वाधीन केल्यानेही गहाण सिद्ध होते, हे तत्त्व तेथे रसेल विरुद्ध रसेल या १७८३ च्या निवाड्याने रूढ झाले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने ही सवलत मुंबई, कलकत्ता, मद्रास आदी मोजक्या व्यापारी नगरांपुरती मान्य केली. दस्तऐवज लिहिण्या-नोंदविण्यात दिवस न दवडता व्यापाऱ्यास पैसा मिळावा, हे तिचे प्रयोजन होय. निक्षेप त्या नगरात झाला म्हणजे पुरे; मिळकत अन्यत्र असली तरी चाले.

तथापि जे ऋणकोच्या सोयीचे, तेच पुढील खरेदीदाराच्या घाताचे ठरले. लेख नाही म्हणून नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही म्हणून निबंधकाच्या दप्तरात शोध घेऊनही बोजा आढळत नसे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून अशा गहाणाची सूचना तीस दिवसांत निबंधकाकडे दाखल करणे बंधनकारक झाले.

कर्ज फिटताच हक्कलेख परत मागण्याचा ऋणकोचा अधिकार कलम ६० मध्ये होताच. परंतु धनकोमुळे तीस दिवसांपलीकडे होणाऱ्या विलंबास प्रतिदिनी ५,००० रुपयांची भरपाई रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ठरविली. व्यापाऱ्यासाठी मान्य झालेली ही पद्धती गृहस्थाच्या गरजेस जुळविण्यास विधीला शतकाहून अधिक काळ लागला.