दि. बा. पाटील : सभागृह आणि दास्तान फाटा

१/ नवी मुंबई कोणी घडवली, असे विचारले की चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता, शिरीष पटेल ही नावे पुढे येतात. शहराचा आराखडा त्यांचा होता. परंतु जमीन ज्यांची होती, त्यांचा इतिहास दिनकर बाळू पाटील, अर्थात 'दिबां'च्या कारकिर्दीतून वाचावा लागतो.

२/ जन्म १९२६, उरण तालुक्यातील जासई. आगरी शेतकरी कुटुंब, पेशा वकिली, पक्ष शेतकरी कामगार पक्ष. १९५७ मध्ये ते पहिल्यांदा विधानसभेवर गेले. पाच वेळा आमदार, दोनदा खासदार, पनवेलचे नगराध्यक्ष. १९७२ ते ७७ आणि पुन्हा १९८२-८३ मध्ये विधानसभेतील विरोधी पक्षनेते.

३/ म्हणजे नगरपालिका, विधानसभा, लोकसभा ही तिन्ही सभागृहे त्यांनी पाहिली. पण त्यांच्या मतदारांच्या जमिनीचा व्यवहार पाहणारी संस्था चौथीच होती.

४/ १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या भूसंपादनातून नवे शहर उभे राहणार होते. सिडको राज्य शासनाच्या मालकीची, पण कंपनी कायद्याखाली नोंदलेली संस्था. तिच्या संचालकांना शेतकरी मत देऊन निवडत नव्हता, की पाडूही शकत नव्हता.

५/ भातशेती गेली, मिठागरे गेली. जो भाव मिळाला, त्यात त्याच शहरात घर घेणे अशक्य होते. मागणी शहर थांबवण्याची नव्हती; वाढणाऱ्या किमतीत मूळ मालकाचा वाटा असावा, एवढीच होती.

६/ १६ व १७ जानेवारी १९८४. उरण तालुक्यात दास्तान फाटा आणि परिसरात दिबांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. मुख्यमंत्री होते वसंतदादा पाटील.

७/ त्याच वर्षाच्या अखेरीस लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या त्या लाटेत काँग्रेसने ४०० चा आकडा ओलांडला. तरीही कुलाबा मतदारसंघाने शेकापच्या दिबांनाच दिल्लीला पाठवले. जानेवारीतल्या गोळीबारावरचे लोकांचे मत मतपेटीतून व्यक्त झाले.

८/ पुढे १९९० च्या शासन निर्णयाने संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. हिशेब मांडून पाहा : एक एकर म्हणजे ४० गुंठे, त्याचे साडेबारा टक्के ५ गुंठे. सार्वजनिक सुविधांसाठीची ३.७५ टक्के कपात धरली, तर हाती साडेतीन गुंठे.

९/ साडेतीन गुंठे थोडेच. तरीही जमीन घेणाऱ्याने रोख मोबदल्यापलीकडे विकासातला हिस्सा देणे लागते, हे तत्त्व त्यातून रुजले. विमानतळबाधितांसाठी हाच वाटा पुढे साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेला.

१०/ नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली १९९२ मध्ये. तिची पहिली निवडणूक १९९५ ची. सिडकोच्या स्थापनेनंतर तब्बल २५ वर्षांनी! भूखंडांचे निर्णय आधी झाले, नगरसेवक नंतर आले. गावठाणाबाहेरच्या गरजेपोटी बांधलेल्या घरांचा वाद आजही चालू आहे, त्याची मुळे या उलट्या क्रमात आहेत.

११/ २४ जून २०१३ रोजी दिबांचे निधन झाले. २०२१ च्या स्मृतिदिनी विमानतळाला त्यांचे नाव द्यावे म्हणून भूमिपुत्रांनी बेलापूरच्या सिडको भवनाला घेराव घालण्यासाठी मोर्चा काढला. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते नाव मान्य केले.

१२/ दिबांच्या कारकिर्दीचे मोजमाप पदांच्या यादीने होत नाही. विरोधी पक्षनेतेपद भूषवलेल्या माणसालाही आपल्या गावाच्या जमिनीसाठी रस्त्यावर उतरावे लागले. निर्णयाचा अधिकार निवडून आलेल्या सभागृहाबाहेर ठेवला, तर प्रश्न कुठे सोडवावे लागतात, याचे उत्तर दास्तान फाट्यावर आहे.