आपलं गलबत, परका कारागीर

मराठ्यांच्या आरमाराचा विषय निघाला की आपण थेट सिंधुदुर्ग गाठतो. आज त्याच्या थोडं आधी, कल्याणच्या खाडीवर जाऊ या.

१६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि दोनच वर्षांत तिथं लढाऊ गलबतं बांधायचं काम निघालं. आपल्या कोळ्या-भंडाऱ्यांना समुद्र तोंडपाठ होता. पण फिरंगी धाटणीची गलबतं बांधायची तर ती विद्या जाणणारा माणूस हवा. महाराजांनी रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज, त्याचा मुलगा आणि त्यांची माणसं कामाला ठेवली. गलबतं सिद्दीवर जाणार, असं सांगितलं होतं. पण ही उद्या आपल्यावरच फिरतील, अशी धास्ती पोर्तुगीज सरकारला पडली. वसईकडून निरोप गेला, आणि ही मंडळी काम टाकून गुपचूप पसार झाली!

लाकूड आपलं, खाडी आपली, पैसा आपला. जाणता हात तेवढा दुसऱ्याचा. महाराज अडून बसले नाहीत. देशी कारागिरांकडून काम पुढं रेटलं, आणि १६६५ साली बसरूरच्या स्वारीला ८५ लहान व ३ मोठी जहाजं निघाली.

आजच्या युद्धनौकेवर हा जाणता हात म्हणजे संगणक, आणि त्याला चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम. ती बाजारातून तयार घ्यावी का? अमेरिकेनं यॉर्कटाऊन या क्रूझरवर घेतली. विंडोज एनटी बसवली. हेतू हा, की थोड्या खलाशांत जहाज चालावं. सप्टेंबर १९९७ मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ कुणीतरी एका रकान्यात शून्य भरलं. शून्यानं भागायचं नसतं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक. यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं. संगणकांचं जाळं कोसळलं आणि जहाज अडीच तासांवर जागीच उभं. दोष विंडोजचा की तिच्यावर चढवलेल्या प्रोग्रॅमचा, यावर जाणकारांची बरीच जुंपली.

मला विचाराल, तर खरी अडचण निराळी आहे. जहाज तीस-तीस वर्षं चालतं. बाजारातला माल तेवढा टिकत नाही. विंडोज एक्सपी २००१ साली आली आणि एप्रिल २०१४ मध्ये कंपनीनं तिची देखभाल थांबवली. अमेरिकी नौदलाचे हजारो संगणक तिच्यावरच चालत होते. २०१५ साली डागडुजी चालू ठेवण्यासाठी त्यांना सुमारे ९१ लाख डॉलरचा करार करावा लागला. व्हिएगस न सांगता गेला, कंपनी तारीख सांगून जाते, एवढाच काय तो फरक.

आता कुणी म्हणेल, सगळं घरीच करा. त्यानं हिशेब केलेला नसतो. आमच्या मिरजेतला सतारीचा कारागीर भोपळा पंढरपूरकडून आणतो. जव्हारी मात्र स्वतः काढतो. माझगाव गोदीत बांधलेली नीलगिरी १९७२ साली नौदलात आली, तिचा आराखडा ब्रिटिश लिअँडरचा. त्याच गोदीतली गोदावरी १९८३ साली आली, ती आपल्या लोकांनी आखलेली. मधली अकरा वर्षं नुसती नक्कल करण्यात गेली नाहीत, बरं का!

संगणकाच्या बाबतीत आपण अजून नीलगिरीच्याच टप्प्यावर आहोत, असं मला वाटतं. २०२३ साली संरक्षण मंत्रालयानं विंडोजऐवजी ‘माया’ ही प्रणाली बसवायचं ठरवलं. तिचा पाया उबंटू, म्हणजे तोही परदेशीच. पण त्याचा मूळ मजकूर कुणालाही उघडून वाचता येतो, दुरुस्त करता येतो. अर्थात ‘माया’ची सुरुवात झाली ती इंटरनेटला जोडलेल्या कचेरीतल्या संगणकांपासून. तोफा आणि इंजिनं चालवणारा संगणक ही पुढची मजल आहे.