अमेरिकेतील पहिलवानी मोटारी



कामगार संघटनेच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत मोटारींवर बोलावे, आणि तेही अमेरिकेतल्या मोटारींवर, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटले असेल. तथापि ज्या मोटारींविषयी मी बोलणार आहे त्या लक्षाधीशांच्या नव्हत्या. नुकत्याच नोकरीला लागलेल्या, हप्त्याने गाडी घेणाऱ्या तरुणांवर डोळा ठेवून त्या काढलेल्या होत्या. तिकडे त्यांना ‘मसल कार’ म्हणतात. आपण पहिलवानी मोटार म्हणू. अंग मध्यम, छाती मात्र दांडगी! १९६४ पासून १९७२ पर्यंतच्या आठ-नऊ वर्षांत त्यांचा उदय झाला, त्यांना भर आला आणि ओहोटीही लागली. त्यांची इंजिने तोंडपाठ असलेली माणसे आजही भेटतात. ती इंजिने ज्यांनी चेसीवर चढवली त्यांचे नाव या इतिहासात सहसा येत नाही, म्हणून मी हा विषय घेतला.

या मोटारीत नवे असे फारच थोडे होते, हे आधी ध्यानात घ्यावे. जनरल मोटर्सच्या पाँटिअॅक विभागापाशी मोठ्या गाड्यांसाठी बनवलेले ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन होते. ‘टेम्पेस्ट’ नावाची मध्यम बांध्याची हलकी गाडीही होती. जॉन डिलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी या तीन इंजिनियरांनी ते इंजिन त्या गाडीत बसवले. आता कंपनीचा नियम असा की, मध्यम गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन देऊ नये. मग पळवाट निघाली. गाडीचे ठरलेले इंजिन लहानच राहील. मोठे इंजिन गिऱ्हाइकाने ‘जादा सामान’ म्हणून सुमारे ३०० डॉलर अधिक भरून मागवायचे. नाव ठेवले ‘जीटीओ’, तेही इटलीच्या फेरारीच्या शर्यतीच्या गाडीवरून उचललेले. साधे इंजिन ३२५ अश्वशक्तीचे, तीन कार्ब्युरेटर लावले की ३४८. कंपनीला ५,००० गाड्या खपण्याची आशा होती. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या, आणि १९६६ साली तो आकडा ९७ हजारांच्या घरात गेला. (डिलोरियनचे वडील फोर्डच्या ओतकामाच्या खात्यात कामगार होते. त्यांच्या मुलाने मालकाच्या नियमातून वाट काढली याचे मला, खरे सांगायचे तर, थोडे कौतुकच वाटते.)

मग सगळेच धावले. ओल्ड्समोबिलने ‘४-४-२’ काढली, शेव्हरोलेने ‘शेव्हेल एसएस’. प्लिमथने १९६८ साली ‘रोडरनर’ काढून ती तीन हजार डॉलरांच्या आत विकली. पण इंजिनांचा मेरुमणी म्हणावा तो क्रायस्लर कंपनीचा ‘हेमी’. सिलिंडरच्या माथ्यावर ज्या पोकळीत पेट्रोलची वाफ पेटते, ती पोकळी हेमीत अर्ध्या करवंटीसारखी गोल असते. त्यामुळे आत घेणारा आणि बाहेर टाकणारा हे दोन्ही व्हॉल्व्ह समोरासमोर तिरपे बसतात, मोठे करता येतात, आणि इंजिन एका बाजूने श्वास घेऊन दुसऱ्या बाजूने सोडते. कल्पना जुनीच, क्रायस्लरने ती १९५१ पासून वापरलेली होती. परंतु ४२६ घनइंचांचा नवा हेमी १९६४ च्या डेटोना शर्यतीत उतरला तेव्हा पहिले तिन्ही क्रमांक त्याने घेतले. शर्यतवाल्यांनी तक्रार केली की, बाजारात न मिळणारे इंजिन इथे चालणार नाही. तेव्हा १९६६ साली कंपनीने तेच इंजिन थोडे माणसाळवून रस्त्यावरच्या गाडीत दिले. अश्वशक्ती ४२५. त्याचे आकारमान मनात यावे म्हणून सांगतो: आपली मारुती ८०० आठवा. तिचे तीन सिलिंडरांचे सबंध इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे. हेमीचा एकेक सिलिंडर ८७० च्या वर भरतो, आणि असे आठ!

अश्वशक्तीचे हे आकडे मात्र जपून घ्यावेत. इंजिन एकटे ठोकळ्यावर चढवून, हवेची गाळणी आणि पुरता सायलेन्सर न लावता मोजले की आकडा फुगतो. गाडीत बसल्यावर तेच इंजिन तितके देत नाही. १९७१ साली हेमीचे दोन्ही आकडे छापले गेले: जुन्या रीतीने ४२५, नव्या रीतीने ३५०. उलट विमा कंपन्या तरुण चालकांच्या दांडग्या गाड्यांवर जबर हप्ता लावू लागल्या, तेव्हा फोर्डने आपले ४२८ घनइंचांचे ‘कोब्रा जेट’ अवघ्या ३३५ अश्वशक्तीचे म्हणून सांगितले, आणि त्यावर जाणत्यांपैकी कोणीच विश्वास ठेवला नाही. गिऱ्हाइकापुढे एक वही आणि विमेवाल्यापुढे दुसरी, हा प्रकार आपल्यालाही अपरिचित नाही.

आता कारखान्यात शिरू. डेट्रॉईटच्या पोटात हॅमट्रॅमिक नावाचे गाव आहे. तिथे डॉजचा जुना अजस्र कारखाना होता, ‘डॉज मेन’. (कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात एकेकाळी याच क्रायस्लर कंपनीच्या डॉज गाड्या जोडल्या जात, तेव्हा हे नाव मुंबईच्या जुन्या फिटरांना परके नव्हते.) पुढे १९७० सालच्या ‘चॅलेंजर’ आणि ‘बाराकुडा’ या नामांकित पहिलवानी गाड्या याच कारखान्यातून बाहेर पडल्या. त्याआधी, २ मे १९६८ रोजी, सुमारे चार हजार कामगार इथे काम टाकून बाहेर आले. कारण एकच, पट्ट्याचा वाढवलेला वेग. उदाहरणादाखल, ताशी ५० गाड्यांचा पट्टा ६० वर नेला तर एका गाडीमागे माणसाला मिळणारा वेळ ७२ सेकंदांवरून ६० वर येतो. साहेबाच्या कागदावर फरक बारा सेकंदांचा. परंतु त्या बारा सेकंदांतच माणूस घाम पुसतो, पाना खाली ठेवतो, शेजाऱ्याशी शब्द बोलतो. शिवाय गिऱ्हाइकाला ‘जादा सामाना’ची मुभा दिलेली, म्हणजे समोर येणारी प्रत्येक गाडी निराळी, पट्टा मात्र तोच. पहिलवानी मोटार मालकाला स्वस्तात पडली ती या हिशेबाने, असे माझे मत आहे.

शिक्षा झाली ती मुख्यतः काळ्या कामगारांना. त्यांनी ‘डॉज रिव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट’ काढली, आणि मालकाइतकेच कोरडे आपल्या युनियनच्या पुढाऱ्यांवरही ओढले. काही कोरडे अन्यायाचे होते. पण मोठी युनियन वेतनाच्या करारात इतकी गुंतली होती की, पट्ट्याजवळचे रडगाणे तिच्या कानी जाईना, हा त्यांचा आक्षेप मला खोटा म्हणवत नाही.

या गाड्या अरबांच्या तेलबंदीने मेल्या, असे पुष्कळदा लिहिले जाते. तेलबंदी १९७३ च्या ऑक्टोबरातली. १९७० साली शेव्हेलचे ४५४ घनइंचांचे इंजिन ४५० अश्वशक्तीपर्यंत चढले, तोच कळस. त्याच वर्षी स्वच्छ हवेचा कायदा झाला. १९७१ च्या गाड्यांत जनरल मोटर्सने इंजिनांतला दाब उतरवला. हेमीही त्याच साली बंद झाला. १९६६ पासून अमेरिकेच्या रस्त्यांवर दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक माणसे मरत होती, तेव्हा विमेवाल्यांनाही सर्वस्वी दोष देता येत नाही.

आणि १९७२ साली सिनसिनाटीजवळच्या नॉरवूडचा संप झाला. शेव्हरोलेची ‘कमारो’ आणि पाँटिअॅकची ‘फायरबर्ड’ या कारखान्यात बनत. जनरल मोटर्सने कारखाना आपल्या नव्या जोडणी विभागाकडे सोपवला, माणसे कमी केली, उरलेल्यांवर काम वाढवले. एप्रिलच्या सातव्या तारखेला कामगार बाहेर पडले. संप १७४ दिवस चालला! पावणेसहा महिने पगाराविना घर चालवणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात घडले आहे त्यांना सांगायला नको. सप्टेंबरअखेर दार उघडले तेव्हा अकराशेच्या आसपास अर्धवट गाड्या पट्ट्यावर होत्या तशाच उभ्या होत्या. एव्हाना १९७३ सालचा नियम लागू झाला होता. ताशी ५ मैलांची धडक बंपरने सोसली पाहिजे, असा. या गाड्यांना ते जमणारे नव्हते. काही तंत्रशाळांना मुलांनी खोलून शिकावे म्हणून दिल्या गेल्या. बाकीच्या मोडीत काढल्या. नॉरवूडचा कारखाना १९८७ साली बंद झाला. डॉज मेन त्याआधीच, १९८० साली.