फसली १३२९ चा एक कायदा

निजामाच्या हैदराबाद संस्थानात सरकारी कागदांवर फसली सन घालण्याची वहिवाट होती. फसली १३२९ मध्ये, म्हणजे इसवी सन १९१९ च्या सुमारास, या संस्थानात हिजड्यांसंबंधी एक स्वतंत्र कायदा झाला. हिंगोली हा त्या काळी परभणी जिल्ह्यातील एक तालुका. घरी मराठी बोलणारा आणि कचेरीत उर्दूपुढे मान तुकविणारा. हा कायदा हैदराबाद शहरास आणि सरकार ठरवील त्या इतर ठिकाणांस लागू व्हावयाचा होता. तेव्हा हिंगोलीच्या बाजारात टाळी वाजवून दुकानोदुकानी मागणाऱ्या माणसाचे भवितव्यही दूरच्या राजधानीतील एका हुकुमावर लटकत राहिले.

मुले पळविणे, त्यांचे खच्चीकरण करणे अथवा 'सृष्टिक्रमाविरुद्ध' गुन्हा करणे यांचा ज्यांच्याविषयी संशय असेल, अशा हिजड्यांची नावे व ठिकाणे नोंदवहीत उतरावीत, असे या कायद्याने फर्माविले. एकदा नाव चढले, की ती व्यक्ती स्त्रीवेषात किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसली, अथवा चारचौघांत गाऊ-नाचू लागली, तर तिला वॉरंटावाचून पकडता येई आणि दोन वर्षांपर्यंत कैद सुनावता येई. मुलांचे रक्षण व्हावे याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु नोंदीस पुरावा लागत नव्हता, संशय पुरेसा होता. आणि नोंदीनंतर लुगडे नेसणे हाच अपराध ठरत होता.

योगायोग असा, की १९१९ सालीच गडकऱ्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले आणि बालगंधर्वांची सिंधू पाहून प्रेक्षकांचे डोळे पाणावले. पुरुषाने स्त्रीवेष धारण करावा, यात त्या समाजाला काही वावगे वाटत नव्हते, हे यावरून उघड आहे. मात्र नट खेळ संपताच वेष उतरवून ठेवी. हिजड्याच्या बाबतीत तो वेष म्हणजेच जीवन होते. दंड वेषाला नव्हता, तो तसे जगण्याला होता.

अशा जगण्यास या देशात पूर्वी जागाच नव्हती काय? अमरकोशात 'तृतीयाप्रकृति' हा शब्द आहे. मराठा अमदानीत दख्खनमधील काही हिजड्यांना ठरलेल्या गावी मागण्याचा हक्क, रोख नेमणूक, क्वचित इनाम जमीनही सनदेने मिळालेली होती, आणि ती वहिवाट गुरूकडून चेल्याकडे चालत असे. प्रतिष्ठा फार नसेल. परंतु राज्याच्या दप्तरात त्यांचे नाव हक्कदार म्हणून होते. मुंबई सरकारने १८५२ च्या अकराव्या कायद्याने सार्वजनिक सभ्यतेस बाध आणणारी इनामे पुढे चालविण्याचे नाकारले. १८६० च्या दंडसंहितेत कलम ३७७ आले. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने वायव्य प्रांत, अयोध्या व पंजाब येथे हिजड्यांची नोंद सुरू केली. नोंदलेल्यांचे दत्तक घेण्याचे व मृत्युपत्र करण्याचे अधिकारही काढून घेतले. अशा रीतीने एका पिढीत हक्कदाराचा संशयित झाला.

इंग्रजांनी ते प्रकरण १९११ साली रद्द केले. निजामाच्या कायदेपंडितांनी त्यानंतर जवळजवळ त्याच शब्दांत आपला कायदा रचला. मालकाने टाकून दिलेला अंगरखा शेजाऱ्याने उचलून घालावा, त्यातलाच हा प्रकार.

हीच दंडसंहिता समुद्रापलीकडेही गेली. १८९७ पासून ती पूर्व आफ्रिकेत लागू झाली, आणि १९३० मध्ये तेथे नव्या संहिता आल्या तरी तो गुन्हा त्यांत कायम राहिला. वस्तुतः युगांडातील लांगो लोकांत स्त्रीप्रमाणे राहणाऱ्या व पुरुषांशी विवाह करणाऱ्या पुरुषांची नोंद ड्रायबर्ग या इंग्रज अधिकाऱ्याने १९२३ सालीच केलेली आहे. केनियातील नांदी लोकांत वंश चालावा म्हणून एका स्त्रीने 'पती' होऊन दुसरीशी लग्न लावण्याची रूढी होती. असे जगणे परक्यांनी आणले, असे तेथे आजही म्हटले जाते. परक्यांनी आणला तो कायदा.

१९४८ मध्ये निजामी राजवट संपली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. तेलंगणात मात्र हा कायदा पुस्तकात राहिलाच. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांना आपली ओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला, आणि २०१८ साली प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळले. अखेर जुलै २०२३ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने फसली १३२९ चा कायदा घटनेच्या १४ व २१ या कलमांविरुद्ध म्हणून रद्द ठरविला. त्याच वर्षी युगांडात मात्र समलिंगी संबंधांविरुद्ध अधिक कठोर कायदा झाला.

नोंदवही मिटण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली. कागदावरचा संशय न्यायालयाला पुसता येतो. दुकानाच्या उंबऱ्याशी उभ्या राहिलेल्या माणसाकडे पाहणाऱ्या नजरेतील संशय पुसणे हे काम समाजाचे आहे, आणि ते अद्याप व्हावयाचे आहे.