जुवारीच्या मुखाशी

मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथील देवदर्शन आटोपून पणजीस उतरलेला यात्रेकरू दिवस मावळताना बहुधा मिरामारची वाट धरतो. तेथे झाडांची राई आहे, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी आहे, आणि पुढे लांबवर पसरलेली वाळू आहे. मुले वाळूत खेळतात, वडीलधारी मंडळी पाय मोकळे करतात. आम्हीही या वाटेने अनेकदा गेलो आहो. परंतु हा रम्य किनारा एके काळी युद्धभूमी होता, हे फिरावयास आलेल्यांच्या मनात क्वचितच येते.

मिरामारचे जुने नाव गास्पार दियश. येथे एक लहानसा कोट होता, आणि समोर पैलतीरी १६१२ साली बांधलेला आग्वादचा दुर्ग. शत्रूच्या गलबतांनी मांडवीत शिरू नये म्हणून ही योजना होती. सतराव्या शतकात डचांनी गोव्याची सागरी कोंडी केली, ती याच मुखाशी. पुढे फ्रेंचांच्या भयाने इंग्रजांनी १७९९ पासून १८१३ पर्यंत काबो व आग्वाद येथे आपली फौज ठेविली. त्यांची दफनभूमी दोनापावलजवळ अद्याप आहे.

परंतु आम्हांस सांगावयाचे आहे ते पुष्कळ अलीकडचे. मिरामारहून दोनापावलच्या टोकाशी गेले की जुवारीचे विशाल मुख दृष्टीस पडते आणि पलीकडे मुरगाव बंदर दिसते. १८ डिसेंबर १९६१ रोजी या बंदरात ‘आफोन्सो द आल्बुकर्क’ ही पोर्तुगीज युद्धनौका उभी होती. १५१० साली ज्याने गोवा जिंकला, त्याचेच नाव तिला दिलेले. नौका १९३४ साली जलावतरण झालेली, म्हणजे वयाने थकलेली. तिच्यावर १२० मिलिमीटरच्या चार तोफा होत्या. तिच्यावर चालून आल्या त्या ‘बेतवा’ आणि ‘बिआस’ या भारतीय आरमाराच्या नव्या, वेगवान फ्रिगेटी. योगायोग असा, की तिन्ही नौका इंग्लंडातील टाईन नदीच्या काठी घडलेल्या होत्या.

दुपारी बाराच्या सुमारास तोफा सुरू झाल्या. शरण येण्याची सूचना पोर्तुगीज कप्तान कुन्या आरागांव यांनी मानली नाही. लढा विषम होता. थोड्याच वेळात त्यांच्या नौकेवर गोळे आदळले, कप्तान स्वतः जबर जखमी झाले आणि त्यांचा बिनतारी संदेश पाठविणारा सहकारी मारला गेला. अखेर खलाशांनी नौका बांबोळीच्या किनाऱ्याकडे वळवून वाळूवर चढविली. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, गोव्यातील पोर्तुगीज सत्तेने शरणागती पत्करली आणि ४५१ वर्षांचा अंमल संपला. मोडलेली नौका काही काळ तशीच पडून होती. १९६२ साली ती मुंबईस ओढून नेऊन मोडीत काढण्यात आली.

भारतीय नाविकांनीही या विजयाचे मोल प्राणांनी चुकविले. कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर उतरताना ‘त्रिशूल’ नौकेच्या तुकडीतील सात नाविक धारातीर्थी पडले. वास्को येथील आरमाराच्या ‘गोमंतक’ तळावर त्यांचे स्मारक आहे. मिरामारच्या वाळूवर निर्धास्तपणे हिंडताना या सातांचे स्मरण होणे, हे आमच्या मते देवळात दिवा लावण्याइतकेच पुण्याचे आहे.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. पणजीच्या इस्पितळात जखमी पडलेल्या पोर्तुगीज कप्तानांस भेटावयास ‘बेतवा’ व ‘बिआस’ यांचे कप्तान गेले. ज्यांनी त्यांच्यावर तोफा डागल्या, त्यांनीच त्यांची विचारपूस केली. रावण पडल्यावर त्याचा अंत्यसंस्कार यथाविधी करण्यास श्रीरामांनी बिभीषणास सांगितले, ही कथा आपण कीर्तनांतून लहानपणापासून ऐकत आलो. तिचे आचरण त्या दिवशी आपल्या आरमाराने केले.

हे आम्ही मुद्दाम मांडतो, कारण जुवारीचे पाणी आपणां देवळाच्या माणसांना दुसऱ्याही एका प्रसंगाची आठवण देते. १५६० च्या सुमारास कुठ्ठाळीहून श्रीमंगेश हीच नदी ओलांडून पलीकडे प्रियोळास गेले. वेर्ण्याची श्रीम्हाळसा आणि केळोशीची श्रीशांतादुर्गा यांनाही अंत्रुजाचाच आसरा घ्यावा लागला. मूर्ती घेऊन निघालेल्या त्या भाविकांच्या मनात काय वेदना असतील! चार शतकांनी त्याच नदीच्या मुखाशी पोर्तुगीज सत्तेची शेवटची तोफ थंडावली, तेव्हा जुन्या घावांचा सूड उगविण्याची इच्छा कोणाच्या मनात उठली असती, तर नवल नव्हते. तरी तसे घडले नाही. देव गेले ते भक्तांच्या खांद्यांवरून, आणि मुक्ती आली ती सैनिकांच्या बळाने. दोन्ही वेळा जुवारी वाहतच राहिली.

म्हणून मिरामारला जाल तेव्हा दोनापावलपर्यंत जरूर जावे, आणि सोबत मुले असतील तर त्यांस समोरचे मुरगाव दाखवावे. विजय कसा मिळाला, हे त्यांस सांगावे. आणि विजयानंतर आपली माणसे कशी वागली, हेही सांगावयास विसरू नये.