घरबसल्या संगणकशिक्षण



महाविद्यालयांतील विद्यार्थ्यास संगणकाचें व्यवहारोपयोगी ज्ञान घरबसल्या, ऑनलाइन पद्धतीनें, कसें द्यावें, हा प्रश्न आज अनेक अध्यापकांपुढें आहे. २०२० सालीं महासाथीमुळें महाविद्यालयें बंद पडलीं, तेव्हां तर तो घरोघर येऊन ठेपला. अभ्यासक्रम आंखावयास बसलें कीं पहिला विचार व्याख्यानांचा होतो : तीं किती असावींत, कोणीं द्यावींत, चित्रें कोणतीं घालावींत. दूरशिक्षणाचा इतिहास मात्र निराळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधतो.

इंग्लंडांत १८४० सालीं एका पेनीच्या टपालाची सोय झाली. बाथ शहरीं राहणाऱ्या आयझॅक पिटमन यांनीं तिचा लाभ घेऊन आपली लघुलेखनपद्धति टपालानें शिकविण्यास आरंभ केला. विद्यार्थ्यानें उतारा लघुलिपींत लिहून धाडावा, आणि तो दुरुस्त होऊन त्याच्या हातीं परत यावा, अशी ती व्यवस्था होती. पुस्तकें वाचून घरीं शिकणारे पूर्वींहि होतेच. पिटमन यांनीं त्यांत भर घातली ती तपासून परत येणाऱ्या कागदाची.

पुढें संगणक आला, तेव्हां हें उत्तर परत येण्यास लागणारा वेळ हीच मोठी अडचण ठरली. छिद्रें पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा यंत्रचालकाच्या स्वाधीन करावा, तासन् तास, कधीं दुसऱ्या दिवसापर्यंतहि, वाट पाहावी, आणि हातीं यावें काय, तर एक स्वल्पविराम राहून गेल्याची सूचना! अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांत जॉन केमेनी आणि टॉमस कुर्ट्झ या गणिताच्या अध्यापकांनीं यावर तोड काढली. एकाच यंत्राचा वेळ अनेकांत क्षणाक्षणानें वांटावा, म्हणजे प्रत्येकास आपलें उत्तर तत्काळ मिळतें. जोडीस त्यांनीं 'बेसिक' ही सुलभ भाषा रचली. १ मे १९६४ रोजीं पहाटे ही योजना चालू झाली. विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसहि संगणक वापरतां यावा, हा तिचा हेतु होता.

त्याच्या चार वर्षें आधीं, १९६० सालीं, इलिनॉय विद्यापीठांत डोनाल्ड बिट्झर यांनीं 'प्लेटो' ही यंत्रद्वारा शिकविण्याची पद्धति सुरू केली होती. विद्यार्थ्यानें उत्तर द्यावें आणि यंत्रानें तें तपासून लगेच निर्णय सांगावा. १९७३ सालीं तींत एकमेकांशीं लेखी संभाषण करण्याची सोय झाली, आणि धड्यांसाठीं उभारलेल्या यंत्रावर माणसें गप्पा मारूं लागलीं! शिकणाऱ्यास सोबतीची केवढी भूक असते, हें त्यावरून दिसून आलें.

२०११ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील अध्यापकांनीं कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांस खुला केला. सुमारे १,६०,००० जणांनीं नांवें नोंदविलीं. शेवटपर्यंत टिकले सुमारे २३,०००. कित्येक केवळ कुतूहलानें आले असतील. तरी दार उघडणें सोपें आणि माणूस टिकविणें अवघड, हें खरेंच.

आपल्याकडे २००१ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळानें 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम चालविला, त्यांत धडे संगणकावर असले तरी विद्यार्थी केंद्रांत, मार्गदर्शकाच्या नजरेखालीं शिकत. यंत्र आणि माणूस यांत कामाची ही वांटणी शहाणपणाची होती.

तेव्हां अभ्यासक्रम आंखणाऱ्यानें आठवड्याचें काम प्रथम ठरवावें, व्याख्यानें मागाहून. 'स्तंभ म्हणजे काय?' असें विचारण्यापेक्षां वसतिगृहाच्या खानावळीचा महिन्याचा हिशेब संगणकावर मांडावयास द्यावा. बेरजेची चूक यंत्रानें तेथल्या तेथें दाखवावी. परंतु अर्ज नीट उतरला कीं नाहीं, मिळविलेली माहिती विश्वसनीय आहे कीं नाहीं, हें माणसानेंच पाहावें. ज्याच्याजवळ केवळ मोबाईल आहे, त्याच्यासाठीं महाविद्यालयाची संगणकशाळा सायंकाळीं उघडी असावी. कळफलकाचा सराव लहान पडद्यावर होत नाहीं. नाहीं तर प्रमाणपत्र हातीं येतें, आणि नोकरीच्या पहिल्या दिवशीं साधा तक्ता करतांना हात अडखळतो.

आपल्या मुलामुलींनीं असा अभ्यासक्रम घेतला असेल, तर किती धडे पाहून झाले एवढेंच न विचारतां, गेल्या आठवड्यांत कोणतें काम तपासून परत आलें, हेंहि अवश्य विचारावें.