दाद कोणत्या दारी? सैनिकाच्या डिसॅबिलिटी पेन्शनची दीडशे वर्षं

मागच्या व्याख्यानात आपण 'पुरावा' या कल्पनेवर बोललो होतो. ते संपल्यावर जिन्यात मला एका गृहस्थांनी थांबवलं. खांदा कॉलनीत राहतात, तोफखान्यात चोवीस वर्षं नोकरी, हवालदार म्हणून निवृत्त. पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाले, "सर, तुम्ही पुराव्यावर बोललात. मग हे वाचा आणि सांगा, यात पुरावा कुठे आहे?"

पत्र 2005 सालचं होतं. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाने त्यांना उच्च रक्तदाब असल्याचं, अपंगत्व 30 टक्के आणि आयुष्यभराचं असल्याचं लिहिलं होतं. पुढे एक ओळ होती: हा विकार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. सबब डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर. मान्य नसेल तर सहा महिन्यांत अपील करा. हवालदारसाहेबांनी कागद ट्रंकेत ठेवला आणि सिक्युरिटीच्या नोकरीला लागले. आता मुलगा म्हणतो कोर्टात जाऊ, मित्र म्हणतात आधी अपील कर, आणि यांना स्वतःला मंत्र्यांना पत्र लिहायचं होतं. तिन्ही दारांपैकी कोणतं ठोठवायचं?

मी तत्त्वज्ञान शिकवलं, कायदा नाही. पण ही तीन दारं एकाच काळात बांधलेली नाहीत, आणि कुठलं दार कधी उघडलं हे कळल्याशिवाय निवड करता येत नाही. म्हणून आज इतिहास.

मंत्र्यांना पत्र लिहिण्याचं दार सगळ्यात जुनं. 1871 चा पेन्शन कायदा काढून बघा. त्याचं चौथं कलम सांगतं की सरकारने दिलेल्या पेन्शनबद्दल दिवाणी न्यायालयाने दावाच चालवायचा नाही. म्हणणं असेल तर कलेक्टरकडे जा. कलेक्टरने दाखला दिला तर आणि तरच कोर्ट. म्हणजे देणारा सरकार, नाकारणारा सरकार आणि कोर्टात जायची परवानगी देणाराही सरकारच. अशा व्यवस्थेत माणूस काय करणार? अर्ज करणार. कोकणात तर ती एक कलाच होती. दापोली ही लष्करी पेन्शनरांची वस्ती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी निवृत्तीनंतर तिथेच राहिले. आपल्याच जिल्ह्यातल्या महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, तेही लष्करी पेन्शनर. महारांची सैन्यभरती पुन्हा सुरू करा म्हणून 1894 मध्ये त्यांनी विनंतीअर्ज तयार केला. त्याचा विषय पेन्शन नव्हता, पण घाट तोच: आम्ही सेवा केली, सरकारने आमच्याकडे पाहावं. मागणी हक्काची आणि भाषा विनंतीची, कारण दुसरी भाषा उपलब्धच नव्हती.

पहिल्या महायुद्धाने प्रश्नाचं स्वरूप बदललं. साताऱ्याच्या एकट्या अपशिंगे गावातले 46 जवान त्या युद्धात गेले. जे परतले त्यांत हात-पाय गमावलेले पुष्कळ. अशांना हुन्नर शिकवण्यासाठी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने 1917 मध्ये मुंबईत क्वीन मेरी संस्था निघाली. ती पुढे खडकीला गेली आणि आजही आहे. पण तुटलेल्या पायाबद्दल वाद होत नाही. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला पॅरालिम्पिकचं सुवर्णपदक घेऊन आले. त्यांच्या जखमेकडे बघून 'ही सेवेमुळे झाली का' असं कोण विचारेल? खरा झगडा असतो न दिसणाऱ्या आजाराचा. रक्तदाब, फेफरं, मनाचे विकार. हे घरी राहूनही होतात ना? मग सेवेचा संबंध कुणी सिद्ध करायचा?

इथे ब्रिटनकडे एक नजर टाकू, कारण आपले नियम बऱ्याच अंशी त्याच मुशीतले आहेत. तिथे 1943 मध्ये पेन्शन अपील न्यायाधिकरणांचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी सिद्धतेचं ओझं सैनिकाच्या खांद्यावरून उतरवून मंत्रालयावर टाकलं गेलं. त्या अपिलांची सुनावणी करणारे एक न्यायाधीश होते डेनिंग. 1947 च्या एका निकालात त्यांनी समजावलं की वाजवी संशयापलीकडे सिद्ध करणं म्हणजे संशयाची सावलीसुद्धा उरू नये असं नव्हे. कायद्याचे विद्यार्थी तो निकाल फौजदारीच्या धड्यात वाचतात; तो मुळात पेन्शनच्या प्रकरणातला आहे हे फार थोड्यांच्या लक्षात असतं.

आपल्याकडे 1961 च्या लष्करी पेन्शन नियमावलीने दोन अटी घातल्या: अपंगत्व किमान 20 टक्के हवं, आणि ते सेवेमुळे झालेलं किंवा वाढलेलं हवं. मग 1982 चे हक्कनियम आले, आणि आजच्या विषयाचं हृदय तिथे आहे. ते म्हणतात: भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती, तो सेवेत उद्भवला असं धरून चाला. तो आधी ओळखताच आला नसता असं डॉक्टरांचं मत असेल, तर त्याची कारणं लिहा. दावेदाराकडे सिद्धता मागू नका. वाजवी शंकेचा फायदा त्याला द्या.

आता हवालदारसाहेबांच्या पत्रातली ओळ पुन्हा बघा. वर्गात मी दोन वाक्यं फळ्यावर लिहायचो. 'अ मुळे ब झालं हे सिद्ध झालेलं नाही' हे एक. 'अ मुळे ब झालं नाही हे सिद्ध झालं आहे' हे दुसरं. पहिल्यातून दुसरं निघत नाही. एफवायची मुलंही महिन्याभरात हे शिकतात. नियमाला नकारासाठी दुसरं वाक्य हवं आहे, कारणांसकट. पत्रात हातात आहे फक्त पहिलं, आणि त्याला पोशाख घातलाय दुसऱ्याचा. 'सर, यात पुरावा कुठे आहे' हा त्यांचा प्रश्न अगदी नेमका होता.

नियम चांगला, पण बजावून घ्यायचा कुणाकडे? 17 डिसेंबर 1982 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात सांगितलं की पेन्शन ही मालकाच्या मर्जीची खैरात नाही. तो दिवस अजूनही पेन्शनर दिन म्हणून पाळतात. पण सैनिकाला रस्ते दोनच होते: खात्यातल्या खात्यात अपील, नाहीतर हायकोर्टात रिट. धरमवीर सिंग नावाच्या सिग्नल्समधल्या जवानाचं बघा. 1985 मध्ये भरती, फेफऱ्याच्या विकारामुळे 1994 मध्ये बाहेर, अपंगत्व 20 टक्के, पेन्शन नाही. हिमाचलच्या हायकोर्टात एका न्यायमूर्तींपुढे जिंकले, त्याच कोर्टाच्या खंडपीठापुढे हरले, आणि जुलै 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले. 1982 च्या नियमांत जे छापलेलं होतं तेच न्यायालयाने वाचून दाखवलं. बोर्डाने कारणं दिली नाहीत, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नाही, म्हणून पेन्शन द्या. एवढ्यासाठी एकोणीस वर्षं!

मधल्या काळात तिसरं दार उघडलं होतं. 2007 चा सशस्त्र सेना न्यायाधिकरण कायदा. ऑगस्ट 2009 मध्ये दिल्लीत त्याचं उद्घाटन केलं तेव्हाच्या राष्ट्रपती, आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांनी. मुंबईलाही खंडपीठ आहे. समोर बसतात दोन जण: एक न्यायिक सदस्य आणि एक निवृत्त वरिष्ठ लष्करी अधिकारी. ही जोडी मला आवडते. एकाला नियम कळतो आणि दुसऱ्याला चौकीवरची रात्र कळते. सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात आणि तारखा लांबतात, हेही खरं.

आता निवड. रीतसर क्रम असा: आधी खात्यातलं पहिलं अपील, मग दुसरं अपील, मग न्यायाधिकरण. कायद्याचं 21 वं कलम म्हणतं की आधीचे उपाय संपवल्याशिवाय न्यायाधिकरणाने 'साधारणपणे' अर्ज घेऊ नये. तो 'साधारणपणे' शब्द विसरू नका. शिवाय अपील करून सहा महिने उत्तर आलं नाही तर तो उपाय संपला असं धरता येतं. ज्याला नकाराचं पत्र गेल्या महिन्यात आलंय, त्याने पहिलं अपीलच करावं असं माझं मत. खर्च नाही, आणि बोर्डाने एखादी वस्तुस्थिती पाहिलीच नसेल, उदाहरणार्थ उंचावरच्या ठाण्यावरची वर्षं, तर ती कागदावर आणायची जागा तीच. टक्केवारीच चुकली असेल तर नव्या बोर्डाची मागणी करा. तिथे वकिली युक्तिवाद कामाचा नाही, डॉक्टरच लागतो.

पण आपल्या गृहस्थांचे सहा महिने 2005 मध्येच संपले. सगळं बुडालं का? नाही. 2008 चा तरसेम सिंग निकाल आहे. तोही डिसॅबिलिटी पेन्शनचा, आणि तो जवान सोळा वर्षांनी कोर्टात गेला होता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, म्हणून अन्याय चालूच आहे. उशीर झाला तरी दाद मागता येईल, पण थकबाकी मिळेल ती अर्ज दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांचीच. याचा हिशेब करा. आज मंत्र्यांना पत्र लिहून सहा महिने वाट पाहिली, तर ते तीन वर्षांचं माप सहा महिन्यांनी पुढे सरकतं. मागचे सहा महिने गेले, कायमचे. पत्राला छान उत्तर आलं तरी गेले. मुदत उलटलेलं अपील आधी पाठवून थांबण्याचंही तेच. जिन्यात उभं राहून मी हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे ट्रंकेत मी कागद नाही, पगार ठेवला होता."

रकमेचंही सांगतो. डिसेंबर 2014 च्या राम अवतार निकालाने नियत सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याचा लाभ दिला: 50 च्या खालचे 50, त्यावरचे 75 पर्यंतचे 75, त्यापुढचे 100. म्हणजे यांचे 30 टक्के पेन्शनसाठी 50 धरले जातील. आधी 'सेवेमुळे' हे मान्य व्हायला हवं, एवढंच.

आणि न्यायाधिकरणातही हरलात तर? 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की त्याच्या निकालाविरुद्ध हायकोर्टाने रिट घेऊ नये. म्हणजे हवालदाराने थेट दिल्लीला जायचं, तेही सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा असेल तर! मार्च 2023 मध्ये परशोत्तम दास प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही वाट पुन्हा मोकळी केली. खांदेश्वरहून हार्बरने जाता येईल अशा अंतरावर हायकोर्ट पुन्हा आलं.

सगळेच जिंकतात असं समजू नका. 2019 च्या नरसिंग यादव निकालात, मानसिक आजारात हे गृहीतक यांत्रिकपणे लावता येणार नाही असं सांगून न्यायालयाने दावा फेटाळला. सप्टेंबर 2023 पासून निवृत्त होणाऱ्यांना नवे, अधिक कडक नियम लागू आहेत. सवलतीचा गैरफायदा घेतला जातो हा सरकारचा आक्षेपही निराधार नसेल. पण गैरफायदा घेणाऱ्याला पकडायचं तर बोर्डाने कारणं लिहावीत. कारण न लिहिता नाकारल्याने लबाड आणि प्रामाणिक दोघेही एकाच पत्राने घरी जातात.

हवालदारसाहेबांनी शेवटी मुलाचं ऐकलं. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्जाची रीत समजून घेतली, माहिती अधिकारात मेडिकल बोर्डाची पूर्ण कार्यवाही आणि भरतीच्या वेळचा तपासणी कागद मागवला. तो 1981 चा कागद आला. आजाराच्या रकान्यात काही नाही. मग विलंबमाफीच्या विनंतीसह न्यायाधिकरणात थेट अर्ज केला. पुढची तारीख पावसाळ्यानंतरची आहे. मला विचारून त्यांनी त्यांची गोष्ट इथे सांगू दिली, आणि ते आज दुसऱ्या रांगेत बसलेत. कायद्याचे प्रश्न मला विचारू नका, मला जमणार नाहीत. कागद कसे गोळा केले हे मात्र त्यांना जरूर विचारा.